विरघळणारा स्टेंट: कोणत्या पायासाठी, कोणत्या वेळी?

अँजिओप्लास्टी म्हटलं की आपला हात आपोआप छातीकडे जातो. पण रक्तवाहिनी आतून मोकळी करण्याचा पहिला प्रयोग झाला तो पायावर. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी एकामागून एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून रुंद केली. बाईंच्या पायाची बोटं काळी पडली होती. पाय कापावा लागेल असं सांगितलं गेलं होतं आणि त्या काही केल्या तयार होत नव्हत्या. पाय वाचला. पुढे अडीच वर्षांनी त्या वारल्या, पण तोवर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या.

नंतर सगळं लक्ष, सगळा पैसा हृदयाकडे गेला आणि पाय मागे पडला. गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांसाठी खास बनवलेल्या विरघळणाऱ्या स्टेंटला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली ती एप्रिल २०२४ मध्ये. तेव्हापासून आपल्याकडेही रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना विचारू लागले आहेत, ‘तो विरघळणारा स्टेंट बाबांना बसेल का?’ प्रश्न योग्यच आहे. पण पायाच्या आजाराच्या लांब वाटेवर हा स्टेंट फार पुढच्या एका टप्प्यावर आणि मोजक्याच पायांना उपयोगी पडतो. तिथवर पोचण्याआधी बरंच काही करता येतं, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच राहून जातं.

आधी दुखणं ओळखा

या आजाराला फाइलवर पीव्हीडी किंवा पीएडी लिहिलेलं असतं. पायाच्या धमन्यांत चरबी आणि कॅल्शियमचे थर साचतात, वाट अरुंद होते, स्नायूला चालताना लागणारं जास्तीचं रक्त पोचत नाही. मग ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, गोळा येतो, थांबावंच लागतं. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की दुखणं जातं. पुन्हा निघालं की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. माणूस चारचौघांत लंगडायचं नको म्हणून दुकानाची पाटी वाचल्यासारखं करत उभा राहतो, आणि घरच्यांना वाटतं, वय झालं.

मणक्यातल्या नसा दबल्या तरी चालताना पाय दुखतात. पण तिथे नुसतं उभं राहून आराम पडत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. फुगलेल्या शिरांचं दुखणं दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी जड होतं आणि पाय वर घेतले की कमी होतं. धमनीच्या दुखण्याचं याच्या उलट. आजार वाढला की रात्री आडवं झाल्यावर चवडा आणि बोटं ठणकतात, रुग्ण उठून पाय खाटेखाली लोंबता सोडतो, तेव्हा कुठे डोळा लागतो. खाली सोडलेला पाय लालसर दिसतो, वर उचलला की पांढराफटक पडतो. लोंबता ठेवून पायाला सूज येते. घरचे ती सूज पाहतात आणि मायेने पायाखाली दोन उशा ठेवतात. त्या उशांनी ठणका वाढतो, कारण वर चढायला रक्तात जोरच नसतो.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक वर्षांच्या साखरेने पायाची संवेदनाच बोथट झालेली असते. त्यामुळे पोटरी दुखण्याचा इशारा मिळतच नाही. थेट जखम होते: चपलेच्या पट्ट्याने घासलेलं, नख कापताना लागलेलं, कुरूप ब्लेडने तासताना झालेलं. दोन आठवड्यांत जखम भरायच्या मार्गाला लागली नाही तर नुसतं ड्रेसिंग बदलत बसू नका. पायाला रक्त पोचतं आहे का, हे तपासून घ्या.

ही तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर पायाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्याच्या मागे बोट ठेवून ठोका बघतात. मग दंडाला आणि घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधून, पेनाएवढं डॉपलर यंत्र धमनीवर धरून दोन्हीकडचा वरचा दाब मोजतात आणि पायाच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागतात. दंडावर १४० आणि घोट्यावर ८४ आला तर उत्तर ०.६. याला एबीआय म्हणतात. निरोगी पायात तो १ च्या आसपास किंवा थोडा वर असतो, ०.९ च्या खाली आला तर धमनीत अडथळा आहे, ०.४ च्या खाली गेला तर पाय धोक्यात आहे. मधुमेही आणि किडनीच्या रुग्णांत धमनीची भिंत कॅल्शियमने इतकी कडक होते की पट्ट्याने ती दबतच नाही आणि आकडा १.४ च्याही वर जातो. असा मोठा आकडा पाहून खूश होऊ नका. तिथे अंगठ्यातला दाब मोजून घ्यावा लागतो.

प्रत्येक ब्लॉकला स्टेंट लागत नाही

फक्त चालताना पोटरी दुखते, रात्री ठणका नाही, जखम नाही, अशा रुग्णाने लगेच अँजिओग्राफीच्या टेबलावर जाऊ नये. पहिलं औषध चालणं आहे, आणि तेही रीतसर. आठवड्यातून किमान तीन दिवस, विश्रांती धरून तीस ते साठ मिनिटं. दुखणं चांगलंच जाणवेपर्यंत चालायचं, थांबायचं, पूर्ण गेलं की पुन्हा चालायचं. दुखेल या भीतीने आधीच थांबलं तर फायदा होत नाही. बारा आठवडे नेमाने केलं तर न दुखता चालता येणारं अंतर बहुतेकांचं स्पष्ट वाढतं. सोबत कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, साखर आणि रक्तदाब ताब्यात. सिलोस्टाझोल नावाच्या गोळीने काहींचं चालणं सुधारतं, पण ज्याचं हृदय अशक्त आहे त्याला ती चालत नाही. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करायची ती गोळी नव्हे. स्टॅटिन आणि अॅस्पिरिनसारख्या गोळ्या मात्र पायापेक्षाही हृदयासाठी आणि मेंदूसाठी महत्त्वाच्या आहेत. पायाच्या धमन्या तुंबलेल्या माणसाला हार्ट अॅटॅक आणि लकव्याचा धोका इतरांहून बराच जास्त असतो.

आणि तंबाखू. बिडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळं आलं त्यात. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या बिडी ओढणाऱ्या पुरुषांत बर्जर नावाचा वेगळाच आजार दिसतो. त्यात चरबीचे थर नसतात. हातापायांच्या बारीक धमन्या सुजून बंद होत जातात. इथे स्टेंटचा, मग तो विरघळणारा असो की धातूचा, फारसा उपयोग नाही. बिडी पूर्ण सुटली तर पाय बहुधा वाचतो. नुसती कमी केली तर बोट जातं, मग चवडा, मग गुडघ्याखालचा पाय. या रुग्णाला स्टेंटचं स्वप्न दाखवणारा भेटला तर दुसऱ्या व्हॅस्क्युलर सर्जनचं मत जरूर घ्यावं.

विरघळतो म्हणजे काय होतं?

फुग्याने धमनी फुगवली की भिंतीचे थर काही ठिकाणी फाटतात आणि भिंत रबरासारखी परत आकसू पाहते. म्हणून तिला आतून आधार हवा. पण हा आधार कायमचा नको, भिंत सावरेपर्यंतचे काही महिनेच हवा. स्लॅब भरताना खालून सेंटरिंग लावतात आणि काँक्रीट घट्ट झालं की काढून घेतात, तसंच हे. धातूचा स्टेंट म्हणजे कायमचं ठेवलेलं सेंटरिंग. छातीतल्या धमनीत ते चालून जातं. पाय मात्र वाकतो, वळतो, मांडीतली धमनी पावलागणिक ताणली जाते आणि पिळली जाते. तिथे निकेल-टायटॅनियमच्या लवचीक स्टेंटच्याही तारा तुटलेल्या आढळतात. गुडघ्याच्या मागे तर शक्यतो स्टेंट घालूच नये असंच बरेच डॉक्टर मानतात. शिवाय धातूवर आतून पेशी वाढून वाट पुन्हा अरुंद होते, आणि पुढे बायपास करायची वेळ आली तर टाके घालायच्या जागी नेमका स्टेंट आडवा येतो.

विरघळणारा स्टेंट बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाचा असतो. आपोआप विरघळणारे टाकेही याच घराण्यातल्या पदार्थांचे असतात. शरीरात त्याचं हळूहळू लॅक्टिक आम्ल होतं, जे आपले स्नायूही रोज तयार करतात, आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड. वरून एव्हरोलिमससारख्या औषधाचा लेप असतो. तो पहिले काही महिने पेशींची वाढ रोखतो. पूर्ण विरघळायला सुमारे तीन वर्षं लागतात. ‘सहा महिन्यांत गायब होईल, मग गोळ्या बंद’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ही कल्पना पहिल्या झटक्यात यशस्वी झाली नाही, आणि रुग्णाला हे माहीत असावं असं मला वाटतं. जपानमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी इगाकी-तामाई स्टेंट आला. विरघळणारा स्टेंट माणसाच्या हृदयात बसवण्याची ती सुरुवात. पुढे तो मांडीच्या धमनीतही वापरून पाहिला, पण तिथे वाट पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण फार निघालं. मॅग्नेशियमच्या स्टेंटची गुडघ्याखाली चाचणी झाली, ११७ रुग्णांवर. मॅग्नेशियम फार लवकर विरघळलं आणि सहा महिन्यांनी स्टेंटवाल्या धमन्या नुसत्या फुग्याने उघडलेल्या धमन्यांपेक्षा जास्त संख्येने बुजलेल्या आढळल्या. हृदयासाठी अॅबट कंपनीच्या अॅब्सॉर्ब स्टेंटला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. त्याच्या जाड काड्यांवर गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसलं होतं. त्या काड्या साधारण दीडशे मायक्रॉनच्या. पायासाठी आलेल्या त्याच कंपनीच्या एस्प्रिट बीटीकेच्या काड्या ९९ मायक्रॉनच्या आहेत. रक्ताचा प्रवाह बारीक धमनीत अडखळू नये यासाठी हा फरक मोठा आहे.

कोणत्या पायाला?

एस्प्रिटची मान्यता ज्या चाचणीवर उभी आहे ती ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. २६१ रुग्ण, सगळे रात्रीच्या ठणक्याचे किंवा न भरणाऱ्या जखमेचे, अडथळा गुडघ्याखालच्या धमन्यांत. काहींना हा स्टेंट, काहींना नुसता फुगा. वर्षअखेर घोट्यावरून पाय कापावा न लागलेले, धमनी बंद किंवा पुन्हा अरुंद न झालेले आणि त्याच जागी पुन्हा उपचार न लागलेले रुग्ण स्टेंटच्या गटात ७४ टक्के होते, फुग्याच्या गटात ४४ टक्के. एवढा फरक या आजारात सहसा दिसत नाही.

पण आकडा नीट वाचावा. फरक मुख्यतः धमनी उघडी राहण्यात आहे. पाय कापायची वेळ दोन्ही गटांत थोड्यांवरच आली, त्यामुळे ‘या स्टेंटने पाय कापणं टळतं’ असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. चाचणीचा खर्च कंपनीचा होता. आणि त्यातले अडथळे सरासरी चार-साडेचार सेंटीमीटरचे होते, कॅल्शियमने दगड झालेल्या धमन्या वगळलेल्या होत्या. आपल्याकडचा पंधरा-वीस वर्षं साखर असलेला रुग्ण येतो तो पोटरीभर बंद असलेल्या, चुना भरलेल्या धमन्या घेऊन. हा स्टेंट त्याच्या धमनीत फुलवताच आला नाही, तर त्यात डॉक्टरचा हलगर्जीपणा नसतो. धमनीच तशी असते.

थोडक्यात, ज्या पायात जखम किंवा रात्रीचा ठणका आहे, अडथळा गुडघ्याखाली आहे, तो फार लांब नाही, धमनी फुग्याने व्यवस्थित उघडते आणि पावलापर्यंत पुढे वाट आहे, अशा पायासाठी हा स्टेंट. मांडीच्या लांब अडथळ्यासाठी नाही, गुडघ्याच्या मागे नाही, नुसत्या चालताना दुखणाऱ्या पोटरीसाठी नाही.

बायपासला जुनी गोष्ट समजून मोडीत काढू नका. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या १,८३० रुग्णांच्या चाचणीत, ज्यांच्या पायात जोडायला चांगली लांब शीर उपलब्ध होती त्यांना बायपासचा निकाल अधिक चांगला मिळाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधली बेसिल-२ ही चाचणी गुडघ्याखालच्या अडथळ्यांबद्दल उलट सांगून गेली. तिथे आधी फुगा-स्टेंट केलेले सरस ठरले. म्हणजे शस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टी दोन्ही करणाऱ्या, किंवा एकमेकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांकडे जाणं महत्त्वाचं. ज्याच्याकडे एकच उपाय आहे, त्याला प्रत्येक पाय त्याच उपायाचा दिसतो.

टेबलावर जाण्याआधी विचारायचं ते

अडथळा नेमका कुठल्या धमनीत आहे आणि तो किती लांब आहे, हे चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगा. चांगले डॉक्टर आनंदाने दाखवतात. हा स्टेंट नाही घातला तर दुसरं काय करता येईल, तेही विचारा: औषध लावलेला फुगा, औषध लावलेला धातूचा छोटा स्टेंट, बायपास. तुम्हाला बसवणार असलेल्या स्टेंटला भारतात पायाच्या धमनीसाठी मान्यता आहे की हृदयासाठी, हा प्रश्न विचारायला संकोच नको. वापीच्या मेरिल कंपनीचा मेरेस १०० हा विरघळणारा स्टेंट, उदाहरणार्थ, हृदयाच्या धमन्यांसाठी बनवलेला आहे. हृदयाचे स्टेंट गुडघ्याखाली वापरण्याचा प्रघात जगभर आहे आणि त्यात लबाडी नाही, पण वापरणार असतील तर तुम्हाला तसं सांगून वापरावेत.

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. अँजिओग्राफीच्या रंगद्रव्याचा ताण किडनीवर येतो. मेटफॉर्मिन घेत असाल तर सांगा. पूर्वी कुठल्या डायमुळे अंगावर पुरळ उठलं असेल, तेही.

पैशांचं आधीच लेखी घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला तेव्हा औषध लावलेल्या आणि विरघळणाऱ्या स्टेंटसाठी २९,६०० रुपयांची मर्यादा ठरवली होती. पुढे तिच्यात फेरबदल झाले. पण ती मर्यादा हृदयाच्या स्टेंटची. ती ऐकीव माहिती धरून पायाच्या स्टेंटचा अंदाज बांधलात तर बिल पाहून धक्का बसेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा आणि तुमच्या पायाच्या उपचाराचं पॅकेज आहे का, त्यात कोणतं साहित्य धरलेलं आहे, हे विचारा. खासगी विमा असेल तर पूर्वपरवानगीच्या अर्जात स्टेंटचा प्रकार स्पष्ट लिहून घ्या.

नंतरचे दिवस

बहुधा जांघेतून सुई घालतात, जागा बधिर करून. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. घरी आल्यावर जांघेत गाठ वाढताना दिसली किंवा रक्त आलं तर तिथे तळहाताने घट्ट दाबून धरा आणि रुग्णालय गाठा.

स्टेंटवरचं वेष्टन किंवा स्टिकर फाइलला चिकटवलेलं आहे ना, ते पाहा. विरघळणाऱ्या स्टेंटचा पदार्थ एक्स-रेत दिसत नाही. टोकांना असलेल्या प्लॅटिनमच्या बारीक खुणाच तेवढ्या दिसतात. उद्या दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला हे कागदावरूनच कळणार.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या जितके महिने सांगितल्या तितके महिने चुकवू नका. दात काढायचा आहे, मोतीबिंदू आहे, लग्नाला गावी गेलो आणि गोळ्या राहिल्या, अशा कारणांनी त्या बंद पडतात आणि गुठळी होते. दंतवैद्याने बंद करायला सांगितल्या तर आधी ज्यांनी स्टेंट घातला त्यांना फोन. डॉपलरने पायाची तपासणी पहिल्या महिन्यात, मग सहाव्या, मग वर्षाने, किंवा डॉक्टर सांगतील तशी. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नये. धमनी पुन्हा अरुंद होऊ लागली तर आधी डॉपलरवर दिसते, दुखायला मागाहून लागतं.

धमनी उघडली की जखम आपोआप भरते असं नाही. तिची साफसफाई, जंतुसंसर्गाचा उपचार, त्या जागेवर वजन न येईल असं पादत्राण, हे सगळं चालूच राहतं आणि काही आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. रोज रात्री तळवे उजेडात बघा. स्वतःला वाकवत नसेल तर आरसा घ्या किंवा घरातल्या कुणाला सांगा. अनवाणी चालणं बंद, देवळातसुद्धा स्वच्छ मोजे घाला. दुपारी तापलेल्या फरशीवर बधिर पाय भाजतो आणि कळत नाही. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. दुसऱ्या पायाचाही एबीआय करून घ्या. आजार सहसा एका पायापुरता नसतो.

आणि पाय अचानक थंडगार, पांढरा पडला, असह्य दुखू लागला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नका, मालीश करू नका, शेकू नका. असा पाय वाचवायला मोजकेच तास हाताशी असतात. अँजिओप्लास्टी आणि व्हॅस्क्युलर सर्जन दोन्ही असलेल्या रुग्णालयात थेट जा, आणि निघतानाच फोन करून सांगा की पायाचा रक्तपुरवठा अचानक बंद झालेला रुग्ण घेऊन येतो आहोत.